कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, पण पॅड मागायला कुणीच येत नाही

सहावीच्या बाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते. आज एक गोष्ट गळ्याशी अडकल्यासारखी झाली आहे म्हणून लिहिते.

मी शाळेत शिकवते, सहावी ते आठवीचे वर्ग. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षिकांनी वर्गणी काढून स्टाफरूमच्या कपाटात पॅडची पाकिटं आणून ठेवली. मुलींना वर्गात सांगितलं, 'लागलं तर येऊन मागायचं, लाजायचं नाही.' कपाटाची किल्ली माझ्याकडे. परवा सत्र संपताना मोजलं. ४० पाकिटं आणली होती, ३४ तशीच आहेत. आणि याच सत्रात 'बाई, पोटात दुखतंय, घरी जाऊ?' म्हणत अर्ध्या दिवसात घरी गेलेल्या मुली मी किती पाहिल्या, त्याची गणती नाही.

मागच्या आठवड्यात सातवीतली एक मुलगी शाळा सुटल्यावरही बाकावरून उठेना. उकाडा असूनही कमरेला स्वेटर बांधलेला. सगळा वर्ग रिकामा झाल्यावर मी शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने तिने सांगितलं. रफ वहीची चार पानं फाडून, त्यांची घडी करून, ती रुमालात गुंडाळून तिने दिवस काढला होता. कागद भिजून फाटला होता. घरी आई आणि तीन बहिणी मिळून एक पाकीट येतं, ते मोठीला आधी, कारण ती कामावर जाते. ज्या कपाटात ३४ पाकिटं पडून होती, ते तिच्या बाकापासून वीस पावलांवर आहे. 'मग मागितलं का नाहीस गं?' म्हटलं, तर खाली मान घालून म्हणाली, 'बाई, तिथे सर पण बसलेले असतात.'

आता मला वाटतंय की कपाट बंद करून पॅड सरळ मुलींच्या स्वच्छतागृहात उघड्या खोक्यात ठेवावेत. मुख्याध्यापिका म्हणतात, 'दोन दिवसांत सगळं गायब होईल.' तुमच्यापैकी कुणी असं केलंय का? काय अनुभव आला? मला खरंच मदत हवी आहे.

चांदणवेल

बाई, त्या मुलीच्या जागी मी होते. अगदी हीच वही, हीच पानं.

पुढे पॅड मिळायला लागले तेव्हाही दिवसाला एकच. सकाळी लावलेला संध्याकाळी घरी येऊनच बदलायचा. कितवा तास चाललाय ते मी फळ्यावर बघून नाही, डाग पडायला अजून किती वेळ आहे त्या हिशोबाने ओळखायचे. पाणी प्यायचे नाही, म्हणजे स्वच्छतागृहात जावं लागणार नाही, कारण तिथल्या दाराला कडी नव्हती. नववीत लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला, तेव्हा डॉक्टरांनी आईला विचारलं, 'ही पाणी पीत नाही का?' आईला काय माहीत.

उघडं खोकं ठेवाच. मी मरेपर्यंत स्टाफरूममध्ये गेले नसते.

आकडेमोड

गणिताचा मास्तर आहे, त्यामुळे 'गायब होईल' या शब्दाचा हिशोब करून बघतो.

पाळी साधारण ५ दिवस, दिवसाला ४ पॅड, म्हणजे एका पाळीला २०. वर्षात १३ पाळ्या धरल्या तर २६०. पण ही पूर्ण गरज झाली. शाळेत मुलगी असते सहा-सात तास, तेवढ्यात १ किंवा २ पॅड लागतात. पाळी सुरू झालेल्या १०० मुली शाळेत असतील, तर २८ दिवसांच्या चक्राने कुठल्याही एका दिवशी त्यातल्या सुमारे १८ जणींची पाळी चालू असणार. प्रत्येकीने खोक्यातून २ घेतले तर दिवसाला ३६. शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाला ७२००.

ही वरची मर्यादा. म्हणजे एकाही मुलीने घरून एकही पॅड आणला नाही, तरी एवढेच लागतील. प्रत्यक्षात बऱ्याच जणी आपला आपण आणतात. बाई, तुमच्या शाळेतल्या मुलींची संख्या यात घाला आणि तो कागद मुख्याध्यापिकांपुढे ठेवा. गरज मोजून खरेदी केली तर 'गायब' म्हणजे 'वापरले गेले' एवढाच अर्थ उरतो.

रोखठोक

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. शाळेचं काम शिकवणं. जेवण शाळेने द्यायचं, गणवेश शाळेने द्यायचा, आता पॅडही शाळेनेच. मग आईबापांनी काय करायचं? फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही हा माझा तरी अनुभव आहे. ज्या घरात खरोखर गरज आहे त्यांची यादी करा आणि तेवढ्यांनाच द्या. बाकीच्यांसाठी कशाला?

चांदणवेल

@रोखठोक, यादी करा म्हणता. त्या यादीत नाव असलेली मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात कशी बसेल? आमच्या वर्गात फी माफ झालेल्यांची नावं वाचून दाखवायचे. वीस वर्षं झाली, त्यातली सगळी नावं मला अजून पाठ आहेत. माझं तिसरं होतं.

गुडघेफुटी

+१ चांदणवेल.

मैदानावर पडून गुडघा फुटला तर आम्ही पेटीतून पट्टी काढून लावतो. 'तुझ्या घरी पट्टी आहे का, वडील काय करतात?' असं विचारत नाही. स्वच्छतागृहात साबण ठेवतो, तो पण यादी करून देत नाही. रक्ताला रक्तासारखं वागवा, एवढंच म्हणणं आहे. (मी शारीरिक शिक्षण शिकवतो. 'सर, आज खेळणार नाही' एवढं एक वाक्य ऐकून पुढे काही न विचारायला मला तीन वर्षं लागली, त्याचं वाईट वाटतं.)

दूरची बातमी

याच प्रश्नावर इतर देशांनी काय केलं ते थोडक्यात लिहितो, बाईंना मुख्याध्यापिकांशी बोलताना उपयोगी पडेल.

केनियाने २००४ सालीच पॅडवरचा कर काढला आणि २०१७ मध्ये शिक्षण कायद्यात दुरुस्ती करून शाळेतल्या मुलींना मोफत पॅड देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२० मध्ये सरकारी शाळांना पॅड मोफत मागवायची सोय झाली. न्यूझीलंडने आधी वायकाटो भागातल्या १५ शाळांत करून पाहिलं आणि जून २०२१ पासून ते सगळ्या देशात नेलं. स्कॉटलंड त्याही पुढे गेलं. मोनिका लेनन या आमदार बाईंनी मांडलेलं विधेयक नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या संसदेत एकमताने मंजूर झालं, एकही मत विरोधात पडलं नाही. १५ ऑगस्ट २०२२ पासून तो कायदा लागू आहे. तिथे ज्याला गरज आहे त्या कुणालाही ही साधनं मोफत मिळाली पाहिजेत, मग ती व्यक्ती विद्यार्थी असो वा नसो.

त्या कायद्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मोफतपणाची नाहीच. साधनं सहज मिळाली पाहिजेत, घेणाऱ्याची प्रतिष्ठा राखून मिळाली पाहिजेत आणि निवडायला वेगवेगळे प्रकार असले पाहिजेत, असं त्यात लिहिलं आहे. बाईंच्या कपाटात पॅड मोफत होतेच. सहज नव्हते.

करांचं म्हणाल तर भारताने जुलै २०१८ मध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी काढला, ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०१९ मध्ये आणि ब्रिटनने जानेवारी २०२१ मध्ये आपापले कर काढले. पण कर काढल्याने विकत घेणाऱ्याला थोडा दिलासा मिळतो. जिच्या हातात पैसेच नाहीत तिचा प्रश्न तिथेच राहतो.

पुरावा काय

धागा मनाला भिडला, पण एक मुद्दा मांडायलाच हवा. 'पॅड द्या म्हणजे मुली शाळा बुडवणार नाहीत' हे वाक्य सगळीकडे ठोकून दिलं जातं. नेपाळमध्ये एमिली ऑस्टर आणि रेबेका थॉर्नटन या दोन अर्थतज्ज्ञांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलींना मासिक पाळीचे कप (योनीत बसवून रक्त गोळा करायचे, धुऊन पुन्हा वापरायचे छोटे कप) दिले आणि हजेरी तपासली. त्यांचा लेख २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. १८० दिवसांच्या शालेय वर्षात पाळीमुळे बुडलेले दिवस निघाले सरासरी ०.४, म्हणजे अर्धा दिवसही नाही. आणि कप दिल्याने त्यात काही फरक पडला नाही.

मी पॅड देण्याच्या विरोधात नाही. पण चुकीच्या कारणावर योजना उभी केली, तर उद्या कुणीतरी हजेरीपट काढून 'फरक पडला नाही, बंद करा' म्हणेल. त्याची भीती वाटते.

दवाखान्यातून

@पुरावा काय, तुमची भीती रास्त आहे. एक अभ्यास दुसऱ्या बाजूचाही आहे. युगांडात आठ शाळांमध्ये धुऊन वापरायचे पॅड आणि पाळीची माहिती देऊन बघितलं, २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. जिथे काहीच दिलं नव्हतं तिथे हजेरी जास्त घसरली. गंमत म्हणजे नुसती माहिती दिली तिथेही फायदा दिसला. म्हणजे गावोगाव, देशोदेशी चित्र सारखं नाही.

पण मला हजेरीचं मापच अपुरं वाटतं. बाईंची ती मुलगी हजर होती. हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'ह' असणार. पाय घट्ट आवळून, वहीची पानं लावून, फळ्याकडे न बघता ती सहा तास हजर होती. ते कुठल्या रकान्यात मांडणार?

मी डॉक्टर आहे, आता थोडं वैद्यकीय. पॅड चार ते सहा तासांनी बदलावा, जास्त स्राव असेल तर लवकर. ओला पॅड किंवा कापड दिवसभर तसंच ठेवलं की मांड्या सोलवटतात, पुरळ येतं. मुली माझ्याकडे 'घामोळं झालंय' म्हणून येतात. एका तासात एक पॅड पूर्ण भिजत असेल आणि असं लागोपाठ काही तास होत असेल, तर ती पॅडची टंचाई नाही, तपासणीची गरज आहे. अशा मुलींच्या अंगातलं लोह उतरतं, धाप लागते, वर्गात लक्ष लागत नाही आणि घरचे म्हणतात आळशी झाली आहे.

आणि एक गोष्ट, खास @रोखठोक यांच्यासाठी. पहिली पाळी साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येते, काहींना नवव्या-दहाव्या वर्षीही. त्यानंतरची दोन-तीन वर्षं चक्र बसलेलं नसतं. २१ दिवसांनी येईल नाहीतर ४५ दिवसांनी, दोन्ही त्या वयात नेहमीचंच. म्हणजे सुखवस्तू घरातल्या मुलीलाही तिसऱ्या तासाला अचानक गरज पडते. खोकं सगळ्यांसाठी असलं की सगळ्याच घेतात, आणि घेणारी गरीब की विसरभोळी हे कुणालाच कळत नाही. गरीब मुलीला झाकायला दुसरं इतकं चांगलं पांघरूण मला तरी माहीत नाही.

रोखठोक

हा शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. यादीचा मुद्दा मागे घेतो.

दोन मुलींचा बाबा

मी एकटा बाप. थोरलीला पाळी आली तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि मी कामावर होतो. तिने मला फोन केला नाही. शेजारच्या काकूंनाही सांगितलं नाही. धाकटीच्या जुन्या फ्रॉकचं कापड कापून घेतलं. मला कळलं तिसऱ्या महिन्यात, ते पण कात्रीने कापलेला फ्रॉक सापडला म्हणून. 'बाबा, तुम्हाला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.' पैशांची अडचण नव्हती आमच्याकडे, शब्दांची होती.

तेव्हापासून घरात एक डबा आहे, तो रिकामा झाला की मी भरतो. त्यावर आमच्यात काही बोलणं होत नाही, डबा भरलेला असतो एवढंच. शाळेतही असंच करता येईल असं मला वाटतं. बाई, खोकं ठेवा.

मागचा बाक

मी आता कॉलेजात आहे, म्हणजे या चर्चेतली सगळ्यात अलीकडची विद्यार्थिनी मीच असेन.

आमच्या शाळेत पॅड वाटले होते. कसे ते सांगते. मोठा कार्यक्रम. स्टेज, हार, पाहुणे, फोटो काढणारे दोघं. आठवी ते दहावीच्या काही मुलींना एकेक करून नाव घेऊन वर बोलावलं. एका हातात पाकीट, पाहुण्यांचा हात पाठीवर, कॅमेऱ्याकडे बघ, हास. खाली सगळी शाळा बसलेली. माझी मैत्रीण पाकीट छातीशी उलटं धरून उतरली, म्हणजे त्यावरची अक्षरं दिसू नयेत. पुढे वर्षभर मुलं तिला त्या पाकिटावरच्या नावाने हाक मारत होती.

त्या पाकिटात ८ पॅड होते. एका पाळीलाही पुरले नाहीत. फोटो मात्र शाळेच्या फलकावर दोन वर्षं होता.

म्हणून सगळ्या देणाऱ्यांना हात जोडून सांगते, फोटो काढू नका. नाव घेऊ नका. भाषण करू नका. ठेवा आणि निघून जा.

गुडघेफुटी

वाचून सुन्न झालो.

रानवाट

उघड्या खोक्याचा आमचा अनुभव विचारला होतात, तो सांगते. आम्ही केलंय. तिसरं वर्ष चालू आहे.

पहिल्या आठवड्यात खोकं रोज रिकामं. सोमवारी भरलं, दुपारपर्यंत साफ. आमच्याही शाळेत 'बघा, सांगितलं होतं' झालं. आम्ही दोघी-तिघींनी हट्टाने रोज भरत राहायचं ठरवलं. कारण जी वस्तू कधी मिळत नाही ती दिसली की माणूस साठवून ठेवतो, उद्या असेल याची खात्री नसते ना. तीन-चार आठवडे खोकं कधीच रिकामं राहिलं नाही तेव्हा मुलींचा विश्वास बसला, आणि घेण्याचं प्रमाण आपोआप खाली आलं. नंतर ते जवळजवळ स्थिर झालं. @आकडेमोड यांच्या वरच्या मर्यादेच्या जवळपासही आम्ही कधी गेलो नाही.

काही मुली घरी नेतात. नेऊ देत. शनिवार-रविवारी पाळी थांबत नाही. बहिणीसाठी नेत असतील, आईसाठी नेत असतील. त्यावर कुणी बोट ठेवायचं नाही हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं.

शिवाय खोकं कुठे ठेवायचं याचा विचार करा. आम्ही आधी हात धुण्याच्या जागी ठेवलं होतं. तिथे घोळका असतो, सगळ्यांसमोर घ्यावं लागतं. मग प्रत्येक संडासाच्या आत, दाराच्या मागे, कापडी कप्पा टांगला. खरा वापर तेव्हा सुरू झाला. आत कडी लावायची, घ्यायचं, बदलायचं, बाहेर यायचं. कुणाला काही दिसत नाही.

चांदणवेल

@रानवाट, 'आत कडी लावायची' हे वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. कडी असायला हवी ना आधी.

पाणी आधी

अगदी तेच म्हणायचं होतं. पॅड हा एक धागा झाला, सगळं कापड नाही. २०२४ च्या मे महिन्यात युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेचा शाळांविषयीचा अहवाल आला. जगभरातल्या शाळांपैकी पाळीविषयी शिकवणाऱ्या शाळा ३९ टक्के. मुलींच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला कचरापेटी असलेल्या शाळा ३१ टक्के. म्हणजे दहातल्या सात शाळांत मुलीने वापरलेला पॅड टाकायचा कुठे? दप्तरात घालून घरी? मुली खरंच तसं करतात. किंवा मग भांड्यात टाकून पाणी ओततात आणि नळी तुंबते.

तुंबलेली नळी कोण काढतं? सफाईच्या मावशी. हातमोजेही नसतात बऱ्याचदा. म्हणून बाई, तुमच्या बैठकीला त्या मावशींना बोलवा. झाकणाची, पायाने उघडणारी पेटी, आत पिशवी, रोज रिकामी करायची, हातमोजे आणि ते काम कुणाचं हे आधी ठरलेलं. त्यांना न विचारता खोकं लावलं तर सगळा भार त्यांच्यावर पडेल, आणि त्या कुणापाशी बोलणारही नाहीत.

हिरवी पेठ

जरा अवांतर. एवढे हजारो प्लॅस्टिकचे पॅड! धुऊन वापरायच्या कापडी पॅडचं किंवा कपचं का नाही बघत? कप एक घेतला की दहा वर्षांपर्यंत चालतो.

दवाखान्यातून

अवांतर नाही, पण घाईने करू नका. कापडी पॅड उत्तम, अट एकच. थंड पाण्यात भिजवून, साबणाने धुऊन, उन्हात पूर्ण वाळला पाहिजे. जिच्या घरी पाणी भरून आणावं लागतं आणि जी पॅड दुसऱ्या कपड्याखाली लपवून अर्धवट ओला घडी करते, तिला तो देणं म्हणजे त्रास देणं. कप उकळावा लागतो, घालायला शिकावं लागतं, बारा वर्षांच्या सगळ्याच मुलींना ते जमेल किंवा आवडेल असं नाही. ज्यांना हवा त्यांना जरूर द्या. स्कॉटलंडच्या कायद्यात निवडीची अट आहे ती यासाठीच. आपलं पर्यावरणप्रेम आधी आपल्या घरी राबवू, ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यावर त्याची सक्ती नको.

हिरवी पेठ

पटलं. वाळत घालायच्या जागेचा विचारच केला नव्हता मी.

गुडघेफुटी

मुलग्यांचं काय? चिडवणारे तेच असतात. मी यंदा सातवीच्या मुलांना एकत्र बसवून सांगितलं. 'पॅड' म्हटल्यावर एकाने हात वर करून विचारलं, 'सर, बॅटिंगचे की कीपिंगचे?' आणि तो खरंच विचारत होता, चेष्टा नव्हती. सगळे हसले, मीही हसलो, आणि त्यामुळेच पुढचं बोलणं सोपं झालं. गर्भाशयाचं अस्तर, रक्त, दुखणं, सगळं सांगितलं. शेवटी त्याच मुलाने विचारलं, 'मग ताईला दुखतं तेव्हा मी काय करायचं?' मी म्हटलं, गरम पाण्याची पिशवी दे आणि तिची कामं तू कर. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, 'सर, भांडी घासली, पण ताई मला वेडा म्हणाली.'

दोन मुलींचा बाबा

:) त्या पोराला माझ्याकडून शाबासकी.

रोखठोक

परत आलो. एक व्यवहाराचा प्रश्न. शिक्षिकांच्या वर्गणीवर हे किती दिवस चालणार? उत्साह सहा महिने टिकतो. मग एका महिन्यात खोकं रिकामं, आणि मुलींचा बसलेला विश्वास उडाला की परत बसणार नाही. कुत्सितपणे विचारत नाही, मनापासून विचारतोय.

रानवाट

फार योग्य प्रश्न. आमचंही दुसऱ्या वर्षी अडलं होतं. एका देणगीदाराने दोन महिने उशीर केला आणि खोकी ओस पडली. तेव्हा कळलं की हे देणगीवर ठेवायचंच नाही. खडू, साबण, फिनेल ज्या खर्चात बसतं त्याच ओळीत पॅड लिहायचे. शाळेच्या वार्षिक मागणीत एक ओळ. साबण संपला म्हणून कुणी सभा बोलावत नाही, मागवतात. तसंच. देणगी आली तर ती साठ्यासाठी, रोजच्या भरण्यासाठी नाही.

आकडेमोड

आणि एका महिन्याचा साठा कायम जास्तीचा ठेवा. १०० मुलींमागे ७०० पॅड, जुन्या कपाटात. बाई, तुमच्या किल्लीला काम मिळालं.

सहावीच्या बाई

मंडळी, सहा आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे प्रतिसाद छापून मुख्याध्यापिकांना वाचायला दिले. त्यांनी आधी आकडेमोड सरांचा हिशोब वाचला, मग 'मागचा बाक'ने लिहिलेलं. दुसऱ्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'आपल्याकडेही असे फोटो आहेत.' ते काढले.

आधी कड्या बसवल्या. पाच संडासांपैकी तीन दारांना कडी नव्हती, आणि मी इतकी वर्षं तिथे शिकवते, मला माहीत नव्हतं. शिक्षकांचं वेगळं असतं ना. मग दारामागे कापडी कप्पे, झाकणाच्या पेट्या, मावशींना हातमोजे. मावशींनीच सुचवलं की पेटी दाराजवळ नको, कोपऱ्यात ठेवा, कारण मुलींना झाकणाचा आवाज बाहेर गेलेला आवडत नाही. हे आमच्यातल्या एकीलाही सुचलं नसतं.

पहिल्या आठवड्यात सगळं साफ. मी रोज सकाळी प्रार्थनेआधी भरत होते. दुसऱ्या आठवड्यातही तेच. मनात धाकधूक होती, पण रानवाट ताईंचा शब्द धरून भरत राहिले. चौथ्या आठवड्यात एका सकाळी गेले तर दोन कप्पे अर्धे भरलेले होते. पाचव्या आठवड्यात एका कप्प्यात आम्ही न आणलेल्या कंपनीचे चार पॅड सापडले. कुणीतरी घेतले होते, कुणीतरी परत आणून ठेवले होते.

स्टाफरूममध्ये येऊन अजूनही कुणी मागत नाही. ती सातवीतली मुलगी माझ्याशी त्याविषयी एक शब्दही बोललेली नाही, मीही विचारलेलं नाही. परवा तिचा हात वर होता, तिसऱ्या तासाला, उत्तर द्यायला. उत्तर चुकलं. मी पुन्हा विचारलं, मग बरोबर आलं.

आता एक नवीन अडचण. सुट्टी लागते आहे, दीड महिना. कप्पे बंद. तेव्हा काय करायचं?

आकडेमोड

दीड महिना म्हणजे प्रत्येकीच्या दोन पाळ्या धरा. एकीला ४० पॅड.

रानवाट

आम्ही सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात निकालपत्राच्या पाकिटासोबत प्रत्येक मुलीला सारखीच बंद पिशवी देतो. सगळ्यांना. ज्यांना नको त्या तिथेच दारामागच्या कप्प्यात ठेवून जातात. धाकट्यांनाही द्या, सहावीतल्यांना, सुट्टीतच पहिल्यांदा आली तर. आत एका चिठ्ठीवर पॅड कसा लावायचा, किती तासांनी बदलायचा एवढंच लिहा.

दोन मुलींचा बाबा

चिठ्ठीत एक ओळ वाढवा बाई. 'हे बाबांनाही सांगितलं तरी चालतं.'